आईची तीन दिवसांची रजा

दि. ४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो. रोज शंभर माणसांच्या हाडांचे एक्स-रे काढणाऱ्या बाईनं स्वतःचा एकही काढलेला नाही, यावरून आमचे डॉक्टर माझी थट्टा करतात. करू देत.

कामाचं लिहिते. येत्या सतरा ऑक्टोबरला आईला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी संध्याकाळी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सेची प्रार्थना ठेवली आहे. फादर म्हणाले, मिस्सेनंतर घरच्या कुणीतरी पाच मिनिटं बोलावं. मी म्हटलं, पाच मिनिटांत काय होणार? त्यापेक्षा एक छोटी पुस्तिका काढू, सोळा पानांची. आपल्या घरातल्या तिघींची. मोठी आई, आई आणि मावशी. मावशीला हे कळवलं तर तिचं उत्तर आलं की गेलेल्यांच्या रांगेत मला आधीच उभं करण्याइतकी तुम्हाला घाई का झाली आहे, आणि करणारच असाल तर माझा फोटो तरुणपणीचा घाला.

मोठ्या आईची दोन पानं मी लिहिली आहेत, सोबत आहेत. वाच आणि हस. चाळीस वर्षं सुईणीचं काम केलेली आपली आजी मिस्सेला बसली की पुढच्या बाकांवरची डोकी बघून मला कानात सांगायची, तो टकलू पायाळू होता, ती लांब वेणीवाली दोन दिवस अडून बसली होती. चर्चच्या समितीचे अध्यक्ष पायाळू जन्मले हे मी छापू की नको, ते तू सांग. आणि ते जन्मतःच निळं पडलेलं बाळ, ज्याला तिनं स्वयंपाकघरातल्या पाण्यानं बाप्तिस्मा दिला आणि मग तोंडानं श्वास फुंकत राहिली, ती आज आमच्याच हॉस्पिटलात मेट्रन आहे. तिनं स्वतः येऊन मला सांगितलं, की माझं नाव तुमच्या आजीनं घाईघाईत ठेवलेलं, ते मी आयुष्यभर बदललं नाही.

मावशीची पानंही होतील. राहिली आई. ती पानं तू लिहायचीस. सत्तावीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधतोस, एकदा स्वतःच्या हातानं चार ओळी लिही.

अंत्यविधीला तू आलास, शेवटच्या बाकावर बसलास, कबरीवर मूठभर माती टाकलीस आणि दुपारच्या गाडीनं परत गेलास. मी तेव्हा काही बोलले नाही. आताही बोलत नाही. फक्त लिहायला सांगते आहे.

माझ्यावर राग धरलास तरी चालेल, उत्तर मात्र धरून ठेवू नकोस.

तुझी
ताई


दि. १३ ऑगस्ट

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

मोठ्या आईची पानं वाचली. दोन स्वल्पविराम काढले, एक घातला, बाकी हात लावला नाही. तू इतकं छान लिहितेस हे मला माहीत नव्हतं. अध्यक्षांचं पायाळूपण खुशाल छाप, त्यांना आवडेल. मेट्रनचा परिच्छेद मी आमच्या जुळाऱ्याला वाचून दाखवला. तीस वर्षं अक्षरं जुळवणारा तो कोरडा माणूस चष्मा काढून पुसत बसला.

आईची पानं मात्र मी लिहू शकत नाही. पुस्तिका मी छापून देईन, कागद चांगला लावीन, मुद्रितं तीनदा तपासीन. लिहिणार नाही. का, ते तुला अर्धवट माहीत आहे. आज पुरतं सांगतो.

सोळाव्या वर्षी मी पाद्री व्हायला सेमिनरीत गेलो तेव्हा सगळी गल्ली मला पोचवायला आली होती. तेव्हापासून मला सगळे छोटे फादर म्हणू लागले. आई त्या दिवशी किती सुंदर दिसत होती ते तुला आठवत असेल. सहा वर्षांनी मी ट्रंक घेऊन परत आलो. आत्मा कोरडा पडला होता, प्रार्थनेला बसलं की भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखं वाटायचं. हे मी घरी कधीच लिहिलं नव्हतं. आमच्या रेक्टरांनी एक दिवस मला खोलीत बोलावून विचारलं, की तू इथे सुखात आहेस का. सहा वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी अर्धा तास रडलो. आठवड्याभरानं त्यांनी मला आशीर्वाद देऊन घरी पाठवलं. त्या माणसाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घराचं दार आईनं उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, आणि म्हणाली की पाय पूस आणि जेवायला बस. बस. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, पुढची एकोणतीस वर्षं नाही. रागावली असती तर भांडलो असतो. रडली असती तर पाया पडलो असतो. तिनं दर महिन्याला मला पत्र लिहिलं. त्यात ती कामाला होती ती हॉस्पिटलची लॉन्ड्री असायची, किती चादरी आल्या, बॉयलर कसा बिघडला, शेजारणीचं काय चाललं आहे. मी मात्र त्यात नसायचो. गल्लीतल्या लोकांना तिला तोंड दाखवायला लाज वाटली असणार, हे मी समजून गेलो आणि सहा महिन्यांत इथे निघून आलो.

ताई, जिनं मला माफ केलं की नाही हेच मला ठाऊक नाही, तिचं कौतुक मी कोणत्या हातानं लिहू? खोटं छापायला मी कधी मदत केलेली नाही.

गुडघ्याचा एक्स-रे काढ. हे माझं वडीलधारेपण समज.

माया आहे तशीच असू दे.

तुझा
धाकटा


दि. २० ऑगस्ट

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेल्या बाईला आता फोनवर माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि मला पत्रं लिहावी लागतात, हा देवाचा विनोद आहे. पण मला आवडतो. तुझ्या ओल्ड एज होममधल्या सिस्टरना सांग, तुझ्या भिंगाची काच पुसून देत जा.

आधी तुझ्या पानांबद्दल. गिरणीचा बॉयलर फुटला तेव्हा तू अकरा तास बोर्डावरून उठली नाहीस, सगळ्या डॉक्टरांना, रुग्णवाहिकांना आणि शेवटी एकेका घराला जोडून देत राहिलीस, आणि ज्या घरांत वाईट बातमी जाणार होती तिथे आधी शेजाऱ्याकडे लाईन लावून, घरात कुणी सोबतीला जाऊन बसा असं सांगितलंस, हे सगळं मी लिहिलं आहे. अकरा तास बरोबर ना?

आता अवघड गोष्ट. आईची पानं मी धाकट्याकडे मागितली. त्याचं उत्तर सोबत पाठवते, त्याला न विचारता. मला पाप लागलं तर लागू दे. मावशी, ते वाचून मी दुपारभर सुन्न होते. एकाच घरात वाढलो, आणि आपल्या भावाला काय वाटतं हे मला पन्नाशी उलटल्यावर पत्रातून कळतं! मी तेव्हा नुकती एक्स-रेला लागले होते. एवढंच आठवतं, की तो परत यायच्या महिनाभर आधी आई तीन दिवस तुझ्याकडे आली होती, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. बावीस वर्षांत तिनं घेतलेली तेवढीच रजा. मी येते म्हटलं तर मला येऊ दिलं नव्हतं.

आई खरंच त्याच्यावर रुसली होती का? तुझ्याशी ती सगळं बोलायची. मला ती तशी वाटली नाही. पण मग तिनं त्याला काहीच का विचारलं नाही? तुला माहीत असेल तर सांग. तुझं डोकं दुखेल एवढा वेळ लिहू नकोस. रोज थोडं थोडं लिही.

तुझ्या मायेची मला अजून तितकीच गरज आहे, हे लक्षात असू दे.

तुझी
भाची


दि. ५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या ताईनं तुझं पत्र मला पाठवलं. तिच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर पुढे माझ्यावर चिडायला तुला भरपूर जागा आहे.

पहिली गोष्ट. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन कधीच झालेलं नाही. दोन्ही डोळे जन्मापासून आहेत तेच आहेत. तुझ्या ताईनं तेव्हा पत्रातून विचारलं होतं की कोणता डोळा, मी डावा असं लिहिलं, आणि पुढे दोन वर्षं ती भेटली की मी कोणता डोळा चोळायचा ते विसरायचे.

त्या तीन दिवसांत तुझी आई तुझ्या सेमिनरीत गेली होती.

हे कुणालाही सांगणार नाही असं मी तिला वचन दिलं होतं. एक्स्चेंजमधली सवय अशी, की दोन माणसांना जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं आणि ऐकलेलं गिळून टाकायचं. हे मी एकोणतीस वर्षं गिळलं. तुझं पत्र वाचल्यावर परवा इथल्या तरुण फादरांकडे पापनिवेदनाला गेले आणि विचारलं, की मेलेल्या बहिणीचं वचन मोडलं तर काय? ते म्हणाले, विचार करून सांगतो. मी म्हटलं, मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे, तुम्ही सावकाश विचार करा, मी तोवर पत्र लिहायला घेते.

तर ऐक. ती माझ्या खोलीवर आली तेव्हा तिच्या पिशवीत तुझी सगळी पत्रं होती. माझ्या कॉटवर तिनं ती वर्षावारी मांडली. पहिल्या वर्षीची चार चार पानी. कोण घोरतं, कोण गाताना बेसूर होतं, सगळं. तिसऱ्या वर्षी दोन पानं. शेवटचं पत्र आठ ओळींचं, आणि आठही ओळी हवापाण्याच्या. ती म्हणाली, की चादर एकदम फाटत नाही, आधी विरते, आणि विरलेली मला हात लावला की कळते. हा मुलगा विरत चालला आहे आणि मला लिहीत नाही, कारण मला वाईट वाटेल म्हणून घाबरतो.

निघण्याआधी ती मोठ्या आईला विचारून आली होती. मोठी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की पोरगं अडलं आहे, जा. चाळीस वर्षं हा शब्द ऐकला की ती ताटावरून उठून निघायची. त्या दिवशी तिनं मुलीला पाठवलं.

मी ट्रंक कॉल लावून तुमच्या रेक्टरांची वेळ मागून घेतली. रात्रीच्या गाडीनं ती एकटी गेली. तिनं त्याआधी एकटीनं कधी तिकीटसुद्धा काढलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रात्री परत आली, माझ्याकडे झोपली आणि कामावर गेली. आत काय बोलणं झालं ते तिनं मला पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की तो माणूस वरून कडक आहे पण ऐकतो.

मग तुला का नाही सांगितलं? मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, की आईनं येऊन सोडवून नेलं असं त्याला कळलं तर जन्मभर तो स्वतःला आईच्या मागे लपलेला समजेल. त्याला स्वतःच्या पायानं बाहेर येऊ दे. आणि एक शब्द बोलले तर सगळंच तोंडातून निघेल, म्हणून मी गप्पच राहीन.

हे ऐकून तिला देवी बनवू नकोस. ती चुकली. एक वर्ष गप्प राहिली ते बरोबर होतं, एकोणतीस वर्षं राहिली ते चूक. मी तिला दरवर्षी झापायचे. ती म्हणायची, की या खेपेला आला की बोलते. तू यायचास, दोन दिवस बसायचास, आणि दोघं एकमेकांना आणखी थोडं वाढू का असं विचारत राहायचात. मायलेकरं अगदी एका साच्यातली.

आता लिही नाहीतर लिहू नकोस. माझं ओझं उतरलं. आणि ताईला कळव, की अकरा तास नाही, साडेनऊ. मध्ये मी दोन बिस्किटं खाल्ली होती, तेही लिहा.

पत्र पाठव. माझे डोळे चांगले आहेत, हे तुला आता माहीतच आहे.

तुझी
मावशी


दि. २८ सप्टेंबर

प्रिय मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र हातात घेऊन पहिले चार दिवस मी काहीच केलं नाही. कामावर एका पाठ्यपुस्तकाच्या मुद्रितात तीन ढोबळ चुका सोडल्या, आणि मालकांनी मला बोलावून तब्येत विचारली. मग आठवड्याची रजा घेतली आणि सेमिनरीत गेलो.

आमचे रेक्टर हयात आहेत. सत्त्याऐंशीचे झालेत. त्याच आवाराच्या मागे वृद्ध पाद्र्यांसाठी घर आहे, तिथे असतात. गुडघ्यांवर शाल घेऊन खिडकीशी बसले होते. मी नाव सांगितलं तर ओळखलं नाही. पण हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करणाऱ्या बाईंचा मुलगा असं म्हटलं मात्र, चेहरा एकदम उजळला. म्हणाले, की त्या बाईंना मी कसा विसरेन.

मावशी, त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

त्या सकाळी त्यांच्याकडे बिशपांचे पाहुणे होते. आईला त्यांनी निरोप पाठवला की आज जमणार नाही. आईनं उलट निरोप पाठवला की मी बसते. ती त्यांच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत बसली. पाणी विचारलं तर नको म्हणाली. त्या वाटेनं मधल्या सुट्टीत आम्ही मुलं जायचो, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, मी ओळखू नये म्हणून. मी त्या दिवशी तिच्या पाठीमागून कमीत कमी दोनदा गेलो असेन.

तीन वाजता त्यांनी आत बोलावलं. ते म्हणाले, मी जरा घुश्शातच होतो. मुलांना परत न्यायला येणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या होत्या, रडायच्या, शपथा घालायच्या. ही रडली नाही. तिनं सांगितलं, की मी माझा मुलगा देवाला दिला आहे आणि दिलेलं परत मागायला आलेली नाही. पण देव माणसाला कोंडून ठेवत नसावा असं मला वाटतं. तो इथे सुखात असेल तर मी आनंदानं परत जाते. नसेल तर त्याला दार कुठे आहे ते कुणीतरी दाखवायला हवं.

रेक्टरांनी तिला सांगितलं, की मुलाला जायचं असेल तर त्यानं स्वतः येऊन मागावं, तसा नियम आहे. त्यावर ती म्हणाली, की तो मागणार नाही. त्याला पोचवायला सगळी गल्ली आली होती, आणि त्यात सगळ्यात पुढे मी होते. तो मला घाबरतो. म्हणून तुम्ही त्याला विचारा. मोठं काही विचारू नका. तू इथे सुखात आहेस का, एवढंच विचारा. आणि मी आले होते हे त्याला सांगू नका.

जाताना दारात थांबली आणि म्हणाली, की तुमच्या झग्यांना खळ फार लावतात, मान सोलवटत असेल, धोब्याला निम्मी करायला सांगा. त्यांनी सांगितली. म्हणाले, तेव्हापासून मानेचं पुरळ गेलं, आणि हे सांगताना ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

मी त्यांना विचारलं, की मग मला बोलवायला तीन आठवडे का लावलेत? त्यांनी गुडघ्यांवरची शाल सारखी केली. मग म्हणाले, की मला ते विचारायची भीती वाटत होती. इतक्या वर्षांत मी तो प्रश्न एकाही मुलाला विचारला नव्हता. तुझ्यानंतर प्रत्येकाला, दरवर्षी, विचारत गेलो. काही गेले. जे राहिले ते चांगले पाद्री झाले.

मावशी, ज्या प्रश्नानं मला जगवलं तो एका शहाण्या रेक्टरांना सुचला, असं मी एकोणतीस वर्षं समजत होतो. तो आईचा होता. तिनं तो स्वतः येऊन, सहा तास बाकावर बसून, दुसऱ्याच्या तोंडी दिला आणि मागच्या मागे निघून गेली.

मी तिच्यावर रागावलेलो आहे, हेही तुला सांगतो. एकदा बोलली असती तर! पण मीही कुठे बोललो? तिनं पाय पूस म्हटलं, मी पुसले आणि जेवलो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, नंतर तीसचा, चाळीसचा, पन्नासचा झालो. मला तोंड होतं.

पानं लिहिली आहेत. ताईला आजच पाठवतो. बिस्किटं दोन की तीन, ते नक्की कळव, चुकीचं छापणार नाही.

आम्हा दोघांवर तुझी नजर अशीच राहू दे. डावी आणि उजवी, दोन्ही.

तुझा
धाकटा


दि. १८ ऑक्टोबर

प्रिय मावशीस,
सा. न. वि. वि.

सिस्टरांनी तुला प्रवासाची परवानगी दिली नाही म्हणून तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस, हे कळलं. आता बोल. कालचं सगळं तुला सांगायला मी आज दुपारची सुट्टी काढली आहे, तेव्हा तू इथे होतीस असंच समज.

धाकटा आदल्या दिवशी सकाळीच आला, पुस्तिकांचा गठ्ठा स्वतः उचलून. कागद इतका सुरेख आहे की हात फिरवत राहावंसं वाटतं. तुझा फोटो बाविसाव्या वर्षीचा घातला आहे. आमचे अध्यक्ष तो बघून म्हणाले, की या बाई अजून आहेत का? मी म्हटलं, आहेत, पण तुम्ही आजोबा झालात. पायाळूपणाचं वाचून ते खरोखरच खूश झाले आणि शेजारच्या तिघांना दाखवून आले.

चर्च अर्धंअधिक भरलं होतं. मेट्रन आली होती. मागच्या दोन बाकांवर लॉन्ड्रीतल्या बाया होत्या. ड्युटी संपवून तशाच आल्या होत्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या.

मिस्सेनंतर धाकटा पुढे गेला. हातात पुस्तिका होती. पहिलं वाक्य वाचलं, थांबला, आणि ती मिटून ठेवली. मग सांगायला लागला. बाकाचं, सहा तासांचं, भिंतीकडे केलेल्या तोंडाचं, झग्याच्या खळीचं. लोक हसले. शेवटी तो म्हणाला, की आईनं माझ्यासाठी एवढं केलं हे मला आता कळलं आहे, पण मी घरी परत आल्याचं तिला वाईट वाटलं होतं की नव्हतं, हे मला अजून माहीत नाही. ते सांगणारं आता कुणी नाही, आणि ते न कळताच मी तिचं कौतुक करायला शिकतो आहे.

एवढं बोलून तो खाली उतरणार, तोच मागून कुणीतरी जोरात म्हणालं, की थांब बाळा.

ती बटणवाली होती. लॉन्ड्रीत फाटलेले सदरे शिवणारी, बटणं लावणारी बुटकी बाई, तू तिला एकदा भेटली आहेस. आता सत्तरीची आहे, काठी टेकते. चर्चमध्ये मधेच बोलायचं नसतं हे तिला सांगणार कोण! ती तिथूनच बोलली. म्हणाली, की ज्या दिवशी तुझी तार आली, मी घरी येतो आहे म्हणून, त्या दिवशी मी तिच्या शेजारच्या टेबलावर होते. तिनं तार दोनदा वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि इस्त्री हातात घेतली. आणि मग गायला लागली. आम्हाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. इतकी वर्षं तिच्या तोंडून आम्ही गुणगुणणंसुद्धा ऐकलं नव्हतं. यंत्रं धडधडताहेत, वाफ कोंडली आहे, आणि ही मोठ्यांदा गाते आहे, इतकी बेसूर की वरच्या मजल्यावरून नर्स बघायला आली, कुणाला भाजलं का म्हणून. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, माझा मुलगा येतो आहे. कशाला येतो आहे विचारलं, तर म्हणाली, राहायला!

मावशी, धाकटा तिथेच उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडून. मग त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, की कोणतं गाणं म्हणत होती.

बटणवाली जरा ओशाळली. म्हणाली, की मला सूर लागत नाही. तो म्हणाला, की आईलाही लागत नव्हता असं तुम्हीच सांगितलंत. मग तिनं काठी शेजारणीकडे दिली, बाकाला धरलं आणि म्हटलं. पवित्र मातेचं एक जुनं गाणं, दोन ओळींचं, आम्ही लहानपणी म्हणायचो ते. खरंच फार बेसूर होतं. दुसऱ्या ओळीला लॉन्ड्रीतल्या बाकीच्या बाया तिच्यात मिसळल्या, मग मेट्रन, मग सगळे. फादर मागे उभे होते, तेही.

फक्त धाकटा गात नव्हता. तो पायऱ्या उतरून शेवटच्या बाकापर्यंत चालत गेला आणि बटणवालीच्या शेजारी जाऊन बसला.

तो अजून इथेच आहे. रविवारपर्यंत राहतो म्हणाला.

तुझी माया दोन्ही मुलांना सारखी वाट, थोडी जास्त त्याला दिलीस तर या खेपेला मी भांडणार नाही.

तुझी
भाची